नागपूरकर वाचकांनो, अलीकडे कोणती पुस्तके घरी आणलीत? (आणि एका जुन्या प्रतीविषयी शंका)

धरमपेठकर:

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात माझ्या घरी सहा पुस्तके आली. तीन वाचनालयातून, दोन कोरी विकत घेऊन आणि एक बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावरून. घरातल्या मंडळींना ही बातमी सांगून फारसा उपयोग नसतो, कारण त्यांचा पहिला प्रश्न ‘ठेवणार कुठे?’ हाच असतो. म्हणून ती येथे सांगतो, आणि आपण सर्वांनी अलीकडे काय आणले तेही विचारतो.

वाचनालयातून आणलेली तिन्ही पुस्तके महेश एलकुंचवार यांची नाटके आहेत: ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’. पहिले पूर्वी वाचले होते, परंतु धरणगावच्या देशपांड्यांची पुढची कहाणी सलग कधी वाचली नव्हती. १९९४ मध्ये ही त्रयी एकापाठोपाठ एक अशी रंगमंचावर आली तेव्हा मी नोकरीनिमित्त बाहेरगावी होतो, आणि ती हुकलेली संधी इतकी वर्षे मनात राहिली होती. आता ओळीने तीन रात्री बसून वाचली. पहिल्या नाटकात आपल्याला घराची पडझड वाटते ती तिसऱ्यापर्यंत पोहोचताना गावाची आणि मातीची होऊन जाते, हे सलग वाचल्यावाचून मला कळले नसते. शिवाय आपल्याकडची बोली छापील पानावर वाचताना आतल्या आवाजात ऐकू येते, तो आनंद वेगळाच.

विकत घेतलेल्यांपैकी एक मारुती चितमपल्ली यांचे ‘चकवा चांदण’. वनखात्यातील प्रदीर्घ नोकरीचे आणि जंगलाचे हे आत्मकथन मी दोनदा वाचनालयातून आणून वाचले होते. जून २०२५ मध्ये ते गेल्याची बातमी वाचली तेव्हाच आपल्या घरात त्यांचे एकही पुस्तक नाही याची खंत वाटली होती, ती आता भरून काढली. दुसरे, ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’. सिव्हिल लाइन्समधल्या शासकीय ग्रंथागारात हे पुस्तक ज्या किमतीला मिळते, ती ऐकून माझ्या पुण्याच्या मेहुण्यांनाही हेवा वाटला.

आता शंकेकडे येतो. ठेल्यावर ऐंशी रुपयांना घेतलेले पुस्तक उत्तर भारताच्या प्रवासाचे वर्णन आहे. मुखपृष्ठ नाही, शीर्षकाचे पान नाही, त्यामुळे लेखकाचे आणि प्रकाशकाचे नाव कळत नाही. पुस्तक थेट प्रस्तावनेपासून सुरू होते आणि प्रस्तावनेच्या शेवटी ‘नागपूर, विजयादशमी, शके १८६३’ एवढेच आहे. शेवटच्या दोन पानांवर इतर पुस्तकांच्या जाहिराती असून किमती रुपये आणि आण्यांत दिलेल्या आहेत. प्रस्तावनेच्या पानावर जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का आहे. त्यात एका सार्वजनिक वाचनालयाचे नाव, खाली ‘नागपूर, म. प्र.’ आणि हाताने लिहिलेला ११४७ हा आकडा आहे. काही पानांना टाचणीच्या टोकाएवढी भोके आहेत.

माझे प्रश्न असे. ही प्रत नेमकी कोणत्या वर्षीची असावी? शिक्का असलेले पुस्तक जवळ ठेवणे योग्य आहे का? या भोकांपासून माझ्या बाकीच्या कपाटाला धोका आहे का? आणि सर्वांसाठी एक सामाईक प्रश्न: कोणते पुस्तक विकत घ्यायचे आणि कोणते वाचनालयातूनच आणायचे, हे आपण कसे ठरवता? माझा नियम ‘एका बैठकीत संपणारे वाचनालयातून, पुन्हा पुन्हा उघडावे लागणारे विकत’ असा आहे, पण तो मी स्वतःच पाळत नाही.

सावनेरची शिक्षिका:

धरमपेठकर काका, आपल्या यादीचा हेवा वाटला. आमच्या गावाकडे पुस्तकांचे दुकान म्हणजे वह्या, कंपास आणि गाइडे यांचे दुकान. त्यामुळे माझी खरेदी महिन्यातून एकदा बसने नागपूरला येते तेव्हाच होते, आणि परतीच्या बसमध्ये उभे राहावे लागले तर पिशवीचे वजन हाताला जाणवते. त्या वजनाने माझी खरेदी आटोक्यात राहते, हे मान्य केले पाहिजे.

या खेपेला मी विकत फक्त एक पुस्तक आणले, शाळेतल्या मुलांसाठी पक्ष्यांच्या चित्रांचे. बाकी सगळी आवक आमच्या जवळच्या गावातील ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातून झाली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. त्यांतला शेवटचा वर्ग म्हणजे एक खोली, तीन कपाटे आणि वर्तमानपत्रांसाठी एक लांब टेबल. परंतु आमच्या ग्रंथपालबाई दिवाळी अंकांच्या बाबतीत मोठ्या शहराला लाजवतील अशा आहेत. ठरावीक वर्गणी भरली की त्या मोसमातले सगळे अंक एकामागून एक घरी नेता येतात, आणि कोणाकडे कोणता अंक किती दिवस अडकला आहे हे त्यांना वहीत न पाहता सांगता येते. मला या वेळी मिळालेल्या सातांपैकी चार अंक होळीपर्यंत वाचून झाले. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा तो वाचायला लोकांना उन्हाळ्यापर्यंत वेळ लागेल असे त्यांना वाटले असेल का, कोण जाणे.

आपल्या सामाईक प्रश्नावर माझे उत्तर असे: ज्यावर मुले हात फिरवणार, ते विकत घ्यायचे. वाचनालयाच्या पुस्तकावर शाई सांडली तर मला रात्री झोप लागत नाही.

जाता जाता एक उपयुक्त माहिती देते. माझ्यासारख्या बाहेरगावच्या वाचकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा सुरू केली आहे. पुस्तकांचे ३०० ग्रॅमपर्यंतचे पाकीट वीस रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचे शंभर रुपयांत जाते, वर कर लागतो. पाकीट रस्त्याने किंवा रेल्वेने जात असल्याने वेळ लागतो, पण ते कुठवर पोहोचले हे पाहता येते. नागपूरच्या मैत्रिणीने मला अशा रीतीने चार पुस्तके पाठवली आणि बसचा एक फेरा वाचला.

प्रतापनगर:

मी विकत काहीच घेत नाही. वाचनालयातून एका वेळी दोन पुस्तके आणतो, पंधरा दिवसांत वाचून परत करतो. विकत घेतलेले पुस्तक ‘आपलेच तर आहे, वाचू कधीतरी’ म्हणून माझ्याकडे वर्षानुवर्षे पडून राहते. परतीची तारीख मारलेली नसेल तर माझ्याच्याने पुस्तक वाचून होत नाही, हा माझा दोष आहे, पण तो मी आता स्वीकारला आहे. सध्या घरी एक कथासंग्रह आणि एक पाककृतींचे पुस्तक आहे. दुसरे माझ्यासाठी नाही.

निवृत्त ग्रंथपाल:

धरमपेठकर यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींवर मी आयुष्याची तीस वर्षे घालवली आहेत, त्यामुळे उत्तर लांबले तर क्षमा असावी.

प्रथम वर्ष. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. मात्र १ जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतचा, म्हणजे साधारणपणे पौषाच्या उत्तरार्धापासून पुढचा मजकूर असेल तर ७९ मिळवावे लागतात. आपल्या प्रतीत विजयादशमी आहे, म्हणून १८६३ अधिक ७८, म्हणजे १९४१. परंतु हे वर्ष प्रस्तावनेचे आहे, छपाईचे नाही. प्रस्तावना लिहून झाल्यावर पुस्तक छापखान्यात रेंगाळणे ही गोष्ट तेव्हाही नवीन नव्हती, आणि महायुद्धाच्या त्या वर्षांत कागदाची टंचाई असल्याने ती अधिकच घडत असे. शिवाय दुसऱ्या आवृत्तीतही पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना जशीच्या तशी छापली जाते. म्हणून १९४१ ही आपल्या प्रतीची आधीची मर्यादा समजावी, त्यापूर्वी ती छापलेली असू शकत नाही.

नंतरची मर्यादा किमती सांगतात. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि त्यानंतर काही वर्षे पुस्तकांवर ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे छापले जात. १९६४ मध्ये ‘नवे’ गळून नुसते ‘पैसे’ राहिले. तेव्हा आण्यांत किंमत असलेले पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचे, ‘न. पै.’ असलेले १९५७ ते १९६४ मधले, अशी ढोबळ विभागणी मी नेहमी वापरत आलो आहे. जाहिरातींची ती दोन पाने मात्र फाडू नका किंवा बांधणीत घालवू नका. त्यांत नावे असलेल्या पुस्तकांपैकी एखाद्याची पहिली आवृत्ती कधी निघाली हे आपल्याला शोधता आले, तर आपली प्रत त्याच्या आधीची असूच शकत नाही आणि मर्यादा आणखी जवळ येते. मुखपृष्ठापेक्षा मागच्या जाहिराती कितीदा तरी अधिक खरे बोलतात.

आता शिक्का. यातली ‘म. प्र.’ ही दोन अक्षरे आपल्या नागपूरच्या इतिहासाचा एक लहानसा तुकडा आहेत. नागपूर ही पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी होती. १९५० मध्ये त्या प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात जाईपर्यंत नागपूर मध्यप्रदेशाचीच राजधानी राहिले. म्हणजे हा शिक्का १९५० ते १९५६ या काळात बनवलेला असावा. मी ‘बनवलेला’ म्हणतो, ‘मारलेला’ म्हणत नाही, कारण वाचनालयाचा रबरी शिक्का राज्य बदलले म्हणून लगेच बदलत नाही, तो झिजून अक्षरे दिसेनाशी झाली की मग बदलतो. मी ज्या वाचनालयात लागलो, तिथे महाराष्ट्र राज्य होऊन पुष्कळ वर्षे लोटल्यानंतरही जुना शिक्का खणात होता, आणि घाईच्या वेळी कोणीतरी तोच उचलून मारत असे.

११४७ हा दाखल क्रमांक आहे. वाचनालयात आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत ओळीने लिहिले जाते आणि तोच क्रमांक पुस्तकावर पडतो. आता आपण एक करा. पुस्तकाच्या आतील पाने एकेक करून पाहा. पुष्कळ वाचनालये प्रत्येक पुस्तकाच्या एका ठरावीक पानावर दुसरा शिक्का मारतात. त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो, कारण चोरणारा माणूस पहिले आणि शेवटचे पान फाडतो, मधले त्याच्या लक्षात येत नाही. आपल्या प्रतीचे शीर्षकाचे पान गेलेले आहे, यावरून लगेच वाईट संशय घ्यावा असे नाही, जुन्या पुस्तकांची पहिली पाने आपणहूनही गळतात. तरी पाहा. त्याबरोबर कुठे ‘निर्लेखित’ किंवा ‘रद्द’ असा शिक्का किंवा लाल शाईतला शेरा आहे का तेही पाहा. वाचनालयाने रीतसर निर्लेखन करून रद्दीत काढलेले पुस्तक बाळगण्यात काहीच गैर नाही, जुन्या बाजारातली निम्मी पुस्तके अशीच आलेली असतात. तसा शेरा नसेल तर, माझे मत विचाराल तर, ते वाचनालय अजून चालू आहे का याची चौकशी करून एकदा तिथे जाऊन यावे.

भोकांविषयी. ती पुस्तके पोखरणाऱ्या किडीची दिसतात. पान हलवल्यावर पांढरट पीठ पडले तर कीड जिवंत असण्याची शक्यता आहे, भोके जुनी व कोरडी असतील तर ती बहुधा केव्हाच निघून गेलेली असते. खात्री नसेल तोवर ते पुस्तक इतरांच्या शेजारी ठेवू नका. घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे, नाही तर पानांवर पाणी धरते. (घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा मटारच्या पिशवीशेजारी एक कादंबरी निघाली, त्यावरून बरेच ऐकून घ्यावे लागले.) फाटलेल्या पानांना चिकटपट्टी कृपया लावू नका. काही उन्हाळ्यांत तिचा डिंक वितळून कागदात मुरतो, आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याला त्यासाठी फार वर्षे लागत नाहीत. जुने बाइंडर मैद्याच्या खळीत थोडा मोरचूद घालत, म्हणजे ती खळ किडीला खाववत नसे. असा बाइंडर अजून सापडला तर त्याच्याकडे द्यावे.

माझी स्वतःची आवक सांगायची राहिली. या महिन्यात एकच पुस्तक आणले, मराठी विश्वकोशाच्या पहिल्या खंडाची १९७६ ची प्रत. सगळा विश्वकोश आता संगणकावर फुकट वाचता येतो हे मला ठाऊक आहे, तरीही आणली. कारण विचारू नका.

इतवारीकर:

ग्रंथपाल साहेब, मटारच्या शेजारची कादंबरी कोणती होती ते सांगायचे राहिले.

माझ्याकडे या महिन्यात दोन भाषांतली पुस्तके शेजारी शेजारी आली, आणि ती एकाच घरातली आहेत. गजानन माधव मुक्तिबोध यांचा ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा हिंदी कवितासंग्रह ठेल्यावर मिळाला, आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांची ‘क्षिप्रा’ ही मराठी कादंबरी वाचनालयातून आणली. थोरले हिंदीतले मोठे कवी झाले, धाकटे मराठीतले कवी, कादंबरीकार आणि समीक्षक, आणि दोघांच्याही आयुष्याचा काही भाग नागपुरात गेला. थोरल्यांनी येथे आकाशवाणीत आणि ‘नया खून’ या साप्ताहिकात काम केले, धाकट्यांनी महाविद्यालयात शिकवले. थोरल्यांचा हा संग्रह १९६४ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी आला. घरी मराठी, लिहिणे हिंदीत, हे आम्हा इतवारीतल्या लोकांना मुळीच नवलाचे वाटत नाही. आमच्या दुकानात एकाच गिऱ्हाइकाशी दोन वाक्ये मराठीत आणि तिसरे हिंदीत होते. पण पुण्या-मुंबईच्या वाचकांना ही दोन नावे एकाच घरातली आहेत हे सांगितले की ते थोडे थांबतात.

नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांचा हाच मोठा फायदा आहे असे मला वाटते. एकाच ढिगात मराठी कादंबरी, हिंदी कवितासंग्रह, इंग्रजी कायद्याचे पुस्तक आणि स्पर्धा परीक्षेचे गाइड असते, आणि हिंदी पुस्तकांवर मराठी गिऱ्हाइकांची फारशी नजर नसल्याने ती स्वस्तात सुटतात. मुक्तिबोधांचा संग्रह मला साठ रुपयांत मिळाला. ‘क्षिप्रा’ मात्र शोधूनही विकत मिळाली नाही, म्हणून वाचनालयातून आणली. माझा नियम त्यामुळे सोपा आहे: जे विकत मिळत नाही, ते वाचनालयातून.

अजनीची वाचक:

येथे आतापर्यंत बर्डीचे ठेले, ग्रंथागार, वाचनालय असे सगळे आले, परंतु नागपूरच्या ज्या पुस्तकबाजारातून माझ्या घरातली निम्मी पुस्तके आली, त्याचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहिते. तो बाजार दीक्षाभूमीचा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली. तेव्हापासून दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लोक येतात, आणि आलेला माणूस पुस्तक घेतल्यावाचून सहसा परत जात नाही. रस्त्याच्या कडेला मांडलेल्या पुस्तकांच्या रांगा मी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिल्या आहेत. वडील रेल्वेत होते. पगारातून काय उरायचे हे आईला ठाऊक, पण त्या दिवसासाठी ते वेगळी नोट घडी करून खिशात ठेवत. दहा-वीस पानांच्या पुस्तिका, संविधानाची प्रत, चरित्रे, भाषणांचे संग्रह, गाण्यांची पुस्तके असे सगळे तेथे असते, आणि विक्रेताही बहुधा वाचलेला असतो. मागच्या वर्षी एका विक्रेत्याने माझ्या हातातले पुस्तक पाहून ‘ताई, हे घेऊ नका, याच्यापेक्षा ते बरे आहे’ म्हणत दुसरे, आणि त्याहून स्वस्त, पुस्तक पुढे केले. कोरी पुस्तके विकणाऱ्या दुकानात मला असा अनुभव आलेला नाही.

तेथे आलेले पुष्कळजण गावाहून रात्रभर प्रवास करून आलेले असतात. एका म्हाताऱ्या बाईंनी तीन पुस्तके निवडली, आणि त्यांना वाचता येत नव्हते. ‘नातीला’ एवढेच त्यांनी सांगितले. धरमपेठकर काकांनी ‘विकत घ्यायचे की वाचनालयातून आणायचे’ असा प्रश्न विचारला आहे, त्याचे माझे उत्तर त्या बाईंपाशी आहे. वाचनालयाची वर्गणी, अनामत, ओळखीच्या माणसाची सही हे सगळे ज्यांच्या वाट्याला उशिरा आले, त्यांच्या घरात विकत घेतलेले पुस्तक ही पहिली गोष्ट होती आणि वाचनालय दुसरी.

माझी अलीकडची आवक सांगते. महाराष्ट्र शासनाने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे’ ही मालिका १९७९ पासून काढली. तिचे बरेच खंड इंग्रजीत आहेत, पण अठराव्या खंडाच्या तीन भागांत मराठी भाषणे आहेत. त्यांतला दुसरा भाग आमच्याकडे नव्हता, तो या महिन्यात मिळाला आणि संच पुरा झाला. या मालिकेचे संपादन अनेक वर्षे ज्यांनी केले, ते वसंत मून आपल्या नागपूरचेच. त्यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन मी वाचनालयातून आणून तिसऱ्यांदा वाचते आहे. त्यात त्यांच्या लहानपणीचे नागपूर आहे, महारपुऱ्याचे, आखाड्यांचे, समता सैनिक दलाचे. ज्या बर्डीवर आपण पुस्तके शोधत फिरतो, तिच्या अगदी जवळचे ते जग आहे. गेल ऑम्व्हेट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. माझ्या भाचीने तो अनुवाद आधी वाचला आणि मूळ मराठी पुस्तक आजीच्या कपाटात आहे का म्हणून मला फोन केला. नव्हते. आता विकत घ्यावे लागेल.

सावनेरची शिक्षिका:

अजनीच्या ताई, ‘नातीला’ हे वाचून मी हातातल्या वह्या तपासायच्या थांबले. येत्या विजयादशमीला आमच्या सातवीच्या मुलांना घेऊन येण्याचा विचार आहे. आदल्या दिवशी गर्दी थोडी कमी असते का, आणि लहान मुलांसाठीची पुस्तके कोणत्या बाजूला मिळतात, हे कृपया सांगावे.

अजनीची वाचक:

आदल्या दिवशी सकाळी या. मांडामांड चालू असते, त्यामुळे विक्रेत्यांना मुलांशी बोलायला वेळ असतो. बाजू दर वर्षी तीच राहील असे नाही, म्हणून मी स्वतः सोबत येते.

धरमपेठकर:

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबलो होतो.

ग्रंथपाल साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पान न् पान पाहिले. एकावन्नाव्या पानावर, अगदी शिवणीजवळ, तोच जांभळा शिक्का आणि तोच ११४७ क्रमांक मिळाला. ‘निर्लेखित’ किंवा ‘रद्द’ असे कुठेही नाही. जाहिरातींच्या पानांवरील एक नाव ओळखीचे वाटले आणि त्याची पहिली आवृत्ती १९४६ ची असल्याचे माझ्याच कपाटातल्या प्रतीवरून समजले, म्हणजे माझी प्रत १९४६ च्या आधीची नाही. भोके कोरडी आहेत, पीठ पडत नाही. तरीही पुस्तक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले होते, पण घरच्यांना आधी सांगायचे विसरलो. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

ते वाचनालय अजून चालू आहे, जुन्या नागपुरात, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. काल पुस्तक घेऊन तेथे गेलो. तेथील ग्रंथपालांनी आधी माझ्याकडे, मग शिक्क्याकडे पाहिले आणि आतल्या कपाटातून कापडी बांधणीची दाखल नोंदवही काढली. ११४७ ची ओळ सापडली. लेखकाचे नाव शाई पसरल्याने पुरते लागत नाही, पण पुस्तकाचे नाव आणि ‘किं. २-८-०’ स्वच्छ आहे. नोंद १९५३ मधली आहे, तेव्हा शिक्क्याविषयीचा ग्रंथपाल साहेबांचा अंदाज बरोबर ठरला. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले आहे: ‘सभासदाकडे. परत नाही. १९७१.’

मी पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी पेन्सिलीचा शेरा खोडरबराने पुसला, त्या जागी कालची तारीख घातली आणि विचारले की आपण सभासद आहात का. नव्हतो. अनामत आणि तीन महिन्यांची वर्गणी भरली, कार्ड मिळाले, आणि पुस्तक वाचून व्हायचे असल्याने तेच पहिले म्हणून माझ्या नावावर लिहून घेतले. ऐंशी रुपयांना विकत घेतलेले ते पुस्तक आता माझ्याकडे पंधरा दिवसांच्या मुदतीने आहे, उशीर झाल्यास दिवसाला एक रुपया दंड आहे, आणि प्रतापनगरांनी म्हटल्याप्रमाणे, काल रात्रीच त्याची साठ पाने वाचून झाली.